उन्नतीने शोधलेलं कारण

कन्हान
५ ऑगस्ट २०२४

प्रिय यमू,
सप्रेम जयभीम, वि. वि.

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, म्हणजे अर्धं काम झालं. बाकीचं अर्धं मी करते.

कोर्टाचा कागद हाती आला. माह्या अश्विनचा अन् तुह्या मेघाचा घटस्फोट झाला. दोघांच्या मर्जीनं झाला, आदळआपट न होता झाला, इतकंच बरं म्हणाचं. तो कागद मी अश्विनकडून अखखा वाचून घेतला. त्यात तुह्याबद्दल अन् माह्याबद्दल एक ओळसुद्धा नाही. कामठीच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोन पोट्ट्या, मोठ्या होऊन हौसेनं विहिणी झाल्या. आता विहीणपण गेलं तर जाऊ दे. बाक तर कोणी मोडला नाही ना? अन् तू वर्षभरापासून अशी चूप बसलीस, जसं काही आपलाच काडीमोड झाला.

फोन काहून नाही केला म्हणशील. समोर बसून बोललं तर मले सारं समजते, पण फोन कानाले लावला की नुसती भुणभुण. मोबाइलवर लिहाले गेली तर बोट एका जागी पडते अन् अक्षर दुसरंच उमटते. आमचे देवरावजी म्हणतात, खाणीतल्या भोंग्यानं कान माहे जायले पाहिजे होते, गेले तुहे. त्यायले अजून टाचणी पडलेली ऐकू येते, फक्त मी बोलली की येत नाही.

मले पोरींचं सांग. अश्विन दर रविवारी त्यायले फिराले नेते, पण त्याले विचारलं तर एकच शब्द सांगते, बऱ्या आहेत. उन्नती आता सहावीत अन् माया दुसरीत ना? नवीन शाळेत रुळल्या का? बाप घरात नाही, आई दिवसभर दवाखान्यात ड्युटीवर, म्हणजे त्यायच्या मनात काय चालते ते तुह्याशिवाय कोणाले दिसणार?

तू मास्तरीण होतीस म्हणून सांगते, माह्या पत्रावर लाल पेन चालवू नको.

तुह्या मनातली माही जागा अजून कोणाले भाड्यानं दिली नसशील, या भरवशावर,
तुही
प्रेमिला


इंदोरा, नागपूर
१९ ऑगस्ट २०२४

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र दोन-तीन दिवस टीव्हीवर तसंच ठेवलं होतं. येता-जाता बघायची. शेवटी मायाने विचारलं की हे कोणाचं आहे, आणि कन्हानच्या आजीचं आहे म्हटल्यावर तिनेच फोडलं. राग अश्विनवर होता गं, तुझ्यावर नव्हता. जागा भाड्याने दिलेली नाही. धूळ बसली होती, ती झटकली.

आता पोरींचं. एकाच घरात, एकाच ताटात जेवणाऱ्या दोघी बहिणी, पण एकच गोष्ट घडली तर दोघींना दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. मागच्या रविवारी अश्विनला बुटीबोरीहून यायला उशीर झाला. पाऊस होता, वर्धा रोडवर गाड्या अडकल्या होत्या. माया खिडकीत बसून सांगत होती की पप्पाची गाडी पंक्चर झाली असेल, नाहीतर रस्त्यात गाय बसली असेल आणि ती उठतच नसेल. उन्नती मात्र आत गेली, बाहेर जायचा फ्रॉक काढून घरचा घातला आणि पुस्तक घेऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली की पप्पा आता येणारच नाहीत, मागच्या वेळी मी आईस्क्रीम दुसरं मागितलं होतं. अश्विन आला तेव्हा तिचं तोंड एकदम सैल पडलं. आनंदाने नव्हे, सुटल्यासारखं.

मायाने तर शाळेत सांगून ठेवलंय की पप्पा बुटीबोरीला मोठं घर बांधायला गेलेत आणि ते झालं की आम्ही सगळे तिकडे जाणार. मी तिला टोकलं नाही. खुशीत आहे, खाते-पिते, मैत्रिणी आहेत. राहू दे म्हटलं.

उन्नतीबद्दल सगळे म्हणतात की पोरगी किती समजदार झाली. खरंच काही मागत नाही. वह्या संपल्या तरी सांगत नाही. आधी पालकाला हात लावायची नाही, आता स्वतःहून पालक खाते, गाजरं तर चणे-फुटाण्यासारखी. सकाळी उठून अंगणात कडुनिंबाकडे बघत उभी राहते. पण शाळेतून तक्रार आली की फळ्यावरचं उतरवून घेताना चुका करते, गणितात मार्क घसरलेत. मी घरी तपासलं तर गणित येतंय. मग तिथे काय होतं कळत नाही. चष्मा लागलाय तिला, तोही न कुरकुरता घालते.

आम्ही घरात एक नियम केलाय, पोरींसमोर तो विषय काढायचा नाही. मेघाचंही तेच म्हणणं आहे. जखमेला हात लावला नाही तर खपली धरते.

देवरावजींना जयभीम सांग. पत्र येत राहू दे, तुझी शुद्धलेखनाची चूक न काढण्याचा मी प्रयत्न करीन. अखखा असं लिहीत नाहीत, अख्खा लिहितात.

तुझी,
यमू


कन्हान
२ सप्टेंबर २०२४

प्रिय यमू,
सप्रेम जयभीम, वि. वि.

अख्खा. पाहिलंस? आता पुढं.

तुह्या पत्रातलं एकच वाक्य माह्या डोक्यात घुमून राहिलं. उन्नती काही मागत नाही. यमू, अकरा वर्षाची पोट्टी काही मागत नाही हे तुले बरं वाटते का वं? मले तर भेव वाटते. आपण दोघी त्या वयात रिबिनीसाठी लोळत होतो. मागणं बंद करणारं लेकरू समजदार नसते, ते भ्यालेलं असते. कशाले भ्यालं, ते मले ठाऊक नाही.

खपलीचं तू म्हणतेस ते गुडघ्याचं खरं आहे. मनाचं मले माहीत नाही. तुम्ही कोणी काही सांगत नाही म्हणून पोरी विचारच करत नसतील, असं धरून चालू नको. माया बघ ना, तिनं एक घर बांधून टाकलं. उन्नतीनंही काहीतरी बांधलं असेल, अन् ती ते कोणाले दाखवत नसेल.

अश्विन शनिवारी येते, खाटेवर पडून छताकडे पाहते, अर्धी भाकर खाते अन् जाते. मी त्याले म्हटलं, मेघाले नावं ठेवाचे असतील तर माह्या घरी नको ठेवू. तर म्हणे आई, मी तिले नावं ठेवून नाही राहिलो, आमचं जमलं नाही एवढंच. पण पोरी आपल्यापासून दूर जातील असं त्याले वाटते. रविवारी उन्नती त्याच्यासोबत असते तेव्हा सारखी विचारते म्हणे, तुम्ही कंटाळले का, तुम्हाले जाचं आहे का. बापाशी लेकरू असं पाहुण्यासारखं वागते का वं कधी?

दिवाळीच्या सुट्ट्यांत दोघींले माह्याकडे पाठव. नदीची हवा खातील. मेघाले सांग, सासू म्हणून नाही मागत, आजी म्हणून मागते. ते नातं कोर्टाच्या हातातलं नाही.

जीव लावला आहेस तसाच लावून ठेव,
तुही
प्रेमिला


इंदोरा, नागपूर
१६ ऑक्टोबर २०२४

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम, वि. वि.

आधीच सांगते, घाबरू नको. उन्नती आता ठीक आहे.

दीक्षाभूमीवर जायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. शाळेतून सायकलवर येताना तिने चौकाजवळच्या तर्रीपोह्याच्या ठेल्यात सायकल घातली. ठेला जुन्या जागेवरून थोडा पुढे सरकवला होता, तेवढंच. बाकडं उलटलं, ही त्यावरून पडली. तर्रीच्या उकळत्या रश्शाचा गंज दुसऱ्या बाजूला कलंडला. हिच्या बाजूला कलंडला असता तर, हा विचार मी मनात येऊच देत नाही. हनुवटीला टाके पडले, मनगट सुजलं, पण हाड शाबूत आहे. ठेलेवाले गणपतराव स्वतः तिला उचलून घरी घेऊन आले. मला म्हणत होते की मॅडम, पोरगी सरळ माझ्याकडे बघत होती आणि बघत बघतच सरळ अंगावर आली, ब्रेकच दाबला नाही. त्यांना वाटलं की तिच्या मनात काही भलतंच आहे. 

मेघा ड्युटीवरून धावत आली. टाके घालताना उन्नती रडली नाही. ती एकच गोष्ट बोलत होती, पप्पांना सांगू नका, तुम्ही भांडाल. आणि झालंही तेच. हे आमचं चुकलंच म्हण, पण फोनवर दोघं सायकलवरून भांडले. ती कोणी घेऊन दिली, इतक्या रहदारीत कोणी चालवू दिली. मी फोन हातातून काढून घेतला, पण तोवर उन्नती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. आपण लिहिलेलं उत्तर बरोबर निघावं तसं काहीतरी होतं.

नंतर झोपवताना ती मला म्हणाली की आजी, मी हात लावते ते बिघडतं. मी तिला कुशीत घेतलं, असं बोलू नये म्हटलं. पस्तीस वर्षं मुलांना शिकवलेली मी, तिला नुसती थोपटत राहिले.

माया तिच्या पलंगाशी बसून सांगत होती की ताई, बरं झालं, आता तुला शाळेत जायला नको. तेव्हा कुठे उन्नती थोडी हसली.

सुट्टी लागली की दोघींना पाठवते. मेघा लगेच हो म्हणाली. तुला पोरींशी बोलता येतं, मला शिकवता येतं. यावेळी तुझी गरज आहे.

वाट बघणारी,
यमू


कन्हान
४ नोव्हेंबर २०२४

प्रिय यमू,
सप्रेम जयभीम, वि. वि.

हे पत्र अश्विनच्या हातानं पाठवते. बसून वाच, मेघाले पण वाचाले दे, अन् वाचल्यावर पोरीले फोन करून काही विचारू नको.

काल दुपारी मी तांदूळ निवडत होती. माया देवरावजीसोबत शेजारच्या बकरीचं पिलू पाहाले गेली होती. उन्नती मदतीले बसली. पोट्टी मन लावून निवडून राहिली, मी म्हटलं शाबास. तिनं निवडलेलं सूप हातात घेतलं तर सारे खडे जिथल्या तिथी. मोठे, काळे, माह्या म्हाताऱ्या डोळ्यांले दिसणारे. मी एक काळा खडा तिच्यासमोर ठेवून विचारलं, हा काय आहे. तर तिनं वाकून, पार नाक लावून पाहिलं.

आल्या दिवशी मी चष्म्याचं विचारलं होतं. डॉक्टरनं आता गरज नाही म्हटलं, असं ती बोलली होती. मी भोळी, मानलं. आता मी सूप बाजूले ठेवलं, तेलाची वाटी घेतली अन् तिले पुढ्यात बसवून केसांले तेल लावाले घेतलं. समोरासमोर विचारलं असतं तर पोट्टी बोलली नसती. हळूहळू सारं निघालं.

चष्मा ती तुमच्यासमोर घालते, फाटकाबाहेर गेली की काढून दप्तरात ठेवते. शाळेत घालत नाही, सायकलवर घालत नाही. त्या गणपतरावले सांगजो, पोरीच्या मनात भलतं काही नव्हतं. तिले तो ठेला दिसलाच नाही. फळ्यावरचं पण दिसत नाही.

काहून, म्हणून विचारलं. ते ऐक. जुन्या शाळेत बाईनं डायरीत लिहून पाठवलं होतं की मुलीले फळा दिसत नाही, डोळे तपासा. त्या दिवशी संध्याकाळी मेघा अन् अश्विन त्यावरूनच भांडले, कोणाले वेळ नाही, कोणाचं लक्ष नाही. चष्मा आला अन् त्याच आठवड्यात अश्विननं बॅग भरली. पोरीनं दोन अन् दोन जोडले. मी बाईले दिसत नाही म्हणून सांगितलंच नसतं तर पप्पा गेले नसते. अन् आता नंबर गेला तर भांडणाचं कारण जाईल, मग पप्पा येतील. म्हणून पालक. म्हणून गाजरं. म्हणून सकाळी उठून हिरव्या झाडाकडे पाहणं, कोणीतरी तिले सांगितलं की त्यानं नजर सुधरते. चष्मा घातला तर डोळ्यांले सवय लागते, म्हणून घालाचा नाही. अन् ठेल्यावर पडली तर तुम्ही फोनवर भांडले, म्हणजे हिचा हिशेब अजून पक्का झाला.

यमू, माहे हात तिच्या केसांतच थांबले.

मी समजावलं बरं. म्हटलं, तुह्या आबांले चाळिशी लागली तेव्हा मी कुठी गेली होती का घर सोडून? तर म्हणते, आजी, तुम्ही त्यावरून भांडले नव्हते ना. बरोबर बोलली.  तिनं हे कारण वर्षभर उरात सांभाळलं, ते म्हातारीच्या एका गोष्टीनं पडणार नाही.

अश्विन आज आला तेव्हा त्याले अंगणात नेऊन सांगितलं.  तो म्हणे आई, आमचं तर गेल्या साली फेब्रुवारीतच ठरलं होतं, चष्मा एप्रिलात आला. मी म्हटलं, हे मले काहून सांगून राहिला, जिले सांगाचं तिले सांग. पण एकट्यानं नाही. तू अन् मेघा दोघं सोबत बसा अन् सांगा. एकानं सांगितलं तर तिले वाटेल समजूत घालून राहिले.

तुमचा तो विषय न काढण्याचा नियम मोड, यमू. न सांगितलेल्या जागी पोरीनं आपलं नाव लिहून टाकलं.

मेघाले माहा आशीर्वाद. ती रडेल, तिले रडू दे, पण रविवारच्या आत आटप म्हणावं.

तुही
प्रेमिला


इंदोरा, नागपूर
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय प्रेमिला,
सप्रेम जयभीम, वि. वि.

झालं. आज मोकळा श्वास घेऊन लिहायला बसले आहे.

रविवारी अश्विन पोरींना तुझ्याकडून घेऊन आला, आणि पहिल्यांदाच फाटकाबाहेर न थांबता आत आला. मेघाने चहा केला. मी उठून जायला निघाले तर दोघंही बसा म्हणाले. उन्नती दोघांकडे आळीपाळीने बघत होती. माया मात्र खूश, तिला वाटलं की मोठं घर तयार झालं.

अश्विननेच सुरुवात केली. त्याने सांगितलं की मम्मीचं आणि माझं बऱ्याच वर्षांपासून पटत नव्हतं, वेगळं राहायचं आम्ही हिवाळ्यातच ठरवलं होतं, वकिलाला भेटून आलो होतो, बुटीबोरीची खोलीही बघून ठेवली होती. तुला चष्मा लागायच्या खूप आधी. तुमची परीक्षा होऊ दे म्हणून थांबलो होतो.

तुला वाटेल पोरीने गळ्यात पडून रडायला घेतलं असेल. तसं नाही. तिने वकिलासारखी उलटतपासणी घेतली. विचारलं की मग त्या दिवशी चष्म्यावरून भांडलात कशाला? मेघा म्हणाली की बाळा, तेव्हा आम्ही कशावरूनही भांडत होतो, त्या दिवशी डायरी आली नसती तर वरणातल्या मिठावरून भांडलो असतो. उन्नतीने विचारलं की मग नंबर गेला तरी पप्पा परत येणार नाहीत? दोघांनीही सोबतच नाही म्हटलं. मग तिने विचारलं, आणि नंबर वाढला तर? तर पप्पा रविवारी यायचे बंद होतील?  अश्विनने मान हलवली, नाही म्हणून.

 आणि मग प्रेमिला, ही पोरगी जी उभी राहून ओरडली! म्हणे, तुम्हाला माहीत होतं तर मला कोणी सांगितलं का नाही? मी वर्षभर पालक खाल्ला! मला पालक आवडत नाही! पाय आपटत आत गेली आणि दार असं आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. आधी मेघाला हसू फुटलं, मग तिच्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, मग अश्विनच्या. मी चहाचे कप उचलून आत गेले. नवरा-बायको म्हणून ते संपलेत, पण त्या क्षणी ते त्या पोरीचे आईबाप म्हणून एकत्र बसले होते. माझ्या मनातली अश्विनवरची अढी तिथेच सुटली म्हण.

रडली ती माया. मोठं घर नाही, हे तिला तेव्हा कळलं. संध्याकाळपर्यंत हुंदके देत होती. तिचा खुशीचा स्वभाव बघून मी तिला तसंच राहू दिलं, पण खोट्या गोष्टीवर उभी असलेली खुशी कधीतरी पडणारच होती. शेवटी उन्नतीने तिला जवळ घेतलं आणि सांगितलं की पप्पांची खोली लहान आहे, पण तिला गच्ची आहे. गच्चीवर काय काय करता येईल ते मोजता मोजता माया झोपली.

सोमवारी मेघाने सुट्टी घेतली. सीताबर्डीला जाऊन डोळे तपासले, नंबर वाढलाय. फ्रेम उन्नतीने स्वतः निवडली, जांभळी. मला आवडली नाही, पण मी बोलले नाही. तिने शाळेच्या समुपदेशक बाईंनाही भेटायचं कबूल केलंय.

घरात आता एक नवीन नियम आहे, आणि तो मायाकडून उचललाय. उन्नतीने काही वाईट ठरवून टाकलं की ती आणखी दोन कारणं सांगायची, मग कोणतं खरं ते बघायचं. उन्नतीला अजून पहिलं वाईट कारणच चटकन सुचतं. तो स्वभाव आहे, एका रविवारी जाणार नाही. पण आता ती ते मनात न ठेवता तोंडाने सांगते.

तू तांदूळ निवडायला बसवलं नसतंस तर काय झालं असतं, हे मी तुला विचारणार नाही. तुला चढेल.

आभार मानले तर रागावशील, म्हणून न मानता,
तुझी,
यमू


नागपूर
२२ डिसेंबर २०२४

प्रिय कन्हानची आजी आणि आबा,
सप्रेम जयभीम.

आजीने सांगितलं की तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिही. मी म्हटलं आज माझा मूड नाही. ती म्हणाली तसंच लिही.

तर माझा मूड नाही, कारण गणिताचा पेपर चांगला गेला नाही. मला वाटलं मी नापास होणार, मग मम्मीला शाळेत बोलावणार, मग मला त्या शाळेतून काढणार. आजीने दोन दुसरी कारणं मागितली. मी म्हटलं पेपर कठीण होता. दुसरं मला सुचत नव्हतं. मायाने एकदम पाच दिली. त्यातलं एक होतं की पेपर तपासणाऱ्या बाईंना झोप येईल आणि त्या सगळ्यांना पैकीच्या पैकी देतील. मायाचं काही खरं नसतं, पण ऐकायला बरं वाटतं.

मला शाळेत पहिल्या बाकावरून उठवून मागे बसवलं, कारण मी उंच आहे. मला मागूनही दिसतं. कडुनिंबाची पानं एकेक वेगळी असतात हे मला माहीत नव्हतं. मी त्याच्याकडे इतके दिवस बघत होते तरी.

पप्पांच्या गच्चीवर आम्ही गेलो होतो. पप्पांना पोळ्या येत नाहीत. मी त्यांना सांगितलं की हे कच्चं आहे, मी खाणार नाही. ते म्हणाले बरं, आणि आम्ही खाली जाऊन समोसे खाल्ले. काही झालं नाही.

आजी, तू येताना शेंगदाण्याच्या चिक्कीऐवजी तिळाची आण. आणि मला नवीन बूट पाहिजेत, हे तू मम्मीला सांग. मी पण सांगितलंय, पण तू सांगितलं की लवकर होतं.

तुमची नात,
उन्नती

ता. क. माया म्हणते बकरीच्या पिलाला तिचा जयभीम सांगा.


कन्हान
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय यमू,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तू परत गेलीस तेव्हापासून घर सुनं सुनं झालं. तू मेट्रोनं ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत अन् पुढं ऑटोनं एकटी आलीस, दोन दिवस राहिलीस, माह्या भाजीत मीठ कमी आहे म्हणालीस, देवरावजीले पेपरातल्या चुका दाखवल्यास. ते आता पेपर हातात घेऊन चुका शोधतात, बातम्या वाचतच नाहीत. पुढच्या वेळी जास्तीचे दिवस काढून येजो.

आज लिहाचं कारण वेगळं आहे. काल रविवार. अकराच्या सुमारास दारात गाडी वाजली, पाहते तर अश्विन. एकटा. रविवारचा तो तुह्याकडे असते, पोरींले घेऊन फिरत असते.  उन्नतीसारखंच झालं बघ, एका क्षणात मी सारं वाईट वाईट ठरवून टाकलं. पोरी बिमार असतील, मेघानं भेटू दिलं नसेल, पुन्हा काही भांडण झालं असेल. चिक्की करून ठेवलेला डबा हातातच राहिला. काय झालं, पोरी कुठी आहेत, म्हणून विचारलं.

तर हा चप्पल काढता काढता सांगते, आई, उन्नतीचा सकाळी फोन आला. म्हणे पप्पा, आज येऊ नका. मैत्रिणीचा वाढदिवस आहे, माया अन् मी तिकडेच जेवणार. मी म्हटलं अगं पण आज रविवार आहे. तर म्हणे, हो मग? पुढच्या रविवारी या ना.

एवढं बोलून तिनं फोन ठेवून दिला म्हणे. बापाले वाईट वाटेल, तो रुसेल, पुन्हा येणार नाही, यातलं काही तिच्या मनालेच शिवलं नाही. हो मग, असं म्हणाली. यमू, ते दोन शब्द तो मले पुन्हा पुन्हा सांगून राहिला अन् हसून राहिला. माह्याच पोराचा हसरा चेहरा मी कधीपासून पाहिला नव्हता, ते तेव्हा ध्यानात आलं.

मी विचारलं, मग तू काय म्हटलं तिले. तर म्हणे, काय म्हणणार, मजा कर म्हटलं.

वांग्याची भाजी होती, भाकरी होती. पोटभर जेवला, वरून ताक मागितलं. छताकडे पाहाले वेळच मिळाला नाही त्याले. खाटेवर पडला अन् लगेच घोरू लागला. देवरावजी म्हणाले, उठव, चहाची वेळ झाली. मी म्हटलं, झोपू द्या. त्याले आज कुठी जाचं नाही.

इकडचा लोभ तसाच आहे, तिकडचा राहू दे. दोन्ही पोरींचे माह्या वाटचे मुके घे,
तुही
प्रेमिला